कणसरीची थाळी

हसतील तर हसोत. मला आता कोणाच्या हसण्याचं काही वाटत नाही. वाटायचं तेव्हा पुरेसं वाटून घेतलंय, आणि ते माझ्या बापाने भोगलंय.

माझा बाप आमच्या पेठकडच्या गावातला शेवटचा थाळकरी. नवं धान्य घरात यायच्या आधी खळ्यावर कणसरीची, म्हणजे आमच्या धान्यदेवीची, कथा लागायची. काशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि तिच्यावरून बोटं ओढायची. थाळी घुमायला लागली की बा कथा सांगायचा. ती झाल्याशिवाय नव्या दाण्याला कोणी तोंड लावत नसे.

नाशिकला होस्टेलवर असताना वर्गातल्या दोन मैत्रिणी एकदा गावी आणल्या होत्या. बा थाळी घेऊन खळ्यावर बसतच होता. मी जाऊन म्हटलं, "बा, आज नको. त्या हसतील." त्याने थाळी उचलली, आत नेऊन आढ्याला टांगली आणि पुन्हा कधी काढली नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा नागली, म्हणजे नाचणी, कापून झाली तशी मी कचेरीत रजा टाकून गावी गेले. बा आता थकलाय, बोलताना दम लागतो. त्याच्याबरोबर कथा गेली की संपलं. म्हटलं, मला शिकव. तो म्हणाला, "मला नाय आठवत." धडधडीत खोटं. भाऊ म्हणाला, "ताई, कशाला उकरून काढतेस? लोक येडी म्हणतील." म्हटलं, म्हणू देत. डोंगराला, वाघाला, दाण्याला हात जोडताना माझ्या आजा-पणजाने कोणाची परवानगी काढली नव्हती. मीही काढणार नाही.

थाळी मीच उतरवली आणि भर दुपारी खळ्यावर जाऊन बसले. काडी चिकटवली ती घरातल्या मेणबत्तीच्या मेणाने. थाळी काही घुमेना. काडी दोनदा आडवी झाली. शेजारच्या बायका पदराआड हसत होत्या. मी तशीच रेटून, आठवेल तशी कथा सुरू केली. कणसरीला आधी भाताच्या घरी नेलं, मग नागलीच्या.

बा ओट्यावर पाठ करून बसला होता. तिथूनच खेकसला, "आधी नागली. भात मागून आला."

आणि उठला. आत जाऊन मधाच्या पोळ्याचं काळं मेण घेऊन आला. माझं मेण नखाने खरवडून फेकत म्हणाला, "हे दिव्याचं. थाळीला माशीचं लागतं."

काडी उभी राहिली. त्याने एकदाच बोटं ओढली आणि थाळी घुमली. मग ती माझ्यापुढे सरकवली. मी कथा पुन्हा नागलीपासून सुरू केली. पण रडू येत होतं, शब्द पुटपुटल्यासारखे फुटत होते.

"हळू नको म्हणू," बा म्हणाला. "तुझ्या त्या दोघींना नाशकात ऐकू जाऊ दे."