खटक्यावरची इंग्रजी

इंग्रजी शिकायला आपण गाव सोडलं, ते नेमकं कोणाच्या उपयोगासाठी? गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, दोघांनाही विचारते आहे.

आम्ही निघालो त्या सकाळी बाबा एसटीच्या खिडकीशी उभे होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, बाबांनी सभांमधून आणलेली पत्रकं होती. त्यांवरच मी अक्षरं गिरवली. 'झालंच पाहिजे' मला 'कमळ'च्या आधी वाचता आलं. बाबा म्हणाले, "इंग्रजी शिकून घे वं पोरी. मंग तुले कोनी चूप नाही करनार." आणि माझ्यासोबत निघालेल्या थोरल्या भावाला, वसंतादादाला, "तिले सांभाळजो गा." गाडी हलली.

शहरातल्या नंदनवन वस्तीत एक खोली भाड्याने घेतली. दादा एका डाळ मिलमध्ये लागला, मी कॉलेजात. गावात एक हाक मारली की चार घरं ओ द्यायची. इथे शेजारच्या माणसाचं नाव कळायला अख्खा पावसाळा गेला. इंग्रजीच्या तासाला सरांनी 'पुट' हे क्रियापद दिलं. इवलंसं, अर्थ ठेवणे. पण मागे दुसरा शब्द लागला की ते भलतंच काम करतं. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे, दिवा लावणे, यंत्र चालू करणे. पुट आउट, विझवणे. पुट ऑफ, पुढे ढकलणे. पुट अप विथ, सहन करणे. मी घोकत बसायची आणि दादा स्टोव्हला पंप मारता मारता चिडवायचा, "एकाच शब्दाले इतके नवरे काहून वं?"

एका दुपारी त्याचा डबा घेऊन मिलमध्ये गेले. डाळ घोळण्याचा मोठा लोखंडी ढोल बंद होता आणि दादा आत शिरून तो खरवडत होता. बाहेर भिंतीवर ढोलाचा खटका. त्यावर इंग्रजी पाटी टांगलेली: 'डू नॉट पुट ऑन'. म्हणजे चालू करू नका. पाटीसमोर गणपत उभा होता. नुकताच कामाला लागलेला, मराठी चौथी शिकलेला. डाळीचा पुढचा घाणा टाकायचा म्हणून त्याने पाटी बाजूला सारली आणि खटक्याला हात घातला.

"हात काढ! दादा आत आहे!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. गणपतचा हात खाली आला. ढोलातून दादाचं भुकटीने पिवळं झालेलं डोकं बाहेर आलं. "काय झालं वं, भाजी सांडली का?" मग त्याने गणपतचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू गेलं.

सुपरवायझर धावत आला. "बोर्ड तं लावला होता ना!"

"गणपतला मराठी वाचता येतं. मराठीत लावा," मी म्हणाले.

"मशीन इंग्रजी, तं बोर्ड बी इंग्रजी. पाहू पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा आला आणि गेला, त्याच्या पुढचाही. पुट ऑफचा अर्थ मला वर्गापेक्षा तिथे नीट कळला. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं, 'आत माणूस आहे. खटका दाबू नका.' सुपरवायझरने तो फाडला.

घरी दादा माझ्यावरच उखडला. "चूप राह्य वं. नोकरी गेली तं तुहं कॉलेजही जाईन. गावाले परत जाऊन बाबाले काय तोंड दाखवू?"

"आणि तू ढोलात चिरडला गेलास तर मी कोणतं तोंड दाखवू?"

तो जेवला नाही. मीही नाही.

पुढच्या वेळी ढोल साफ करायची पाळी आली तेव्हा दादा बाहेरच उभा राहिला. "मराठी पाटी लावा, मंग शिरतो."

"बहिणीनं लीडर बनवलं का रे तुले?" सुपरवायझर म्हणाला.

"नाही जी. हातपाय माहे आहेत."

त्याला गेटबाहेर काढलं. मग सुपरवायझरने गणपतला आत शिरायला सांगितलं. गणपत जागचा हलला नाही. त्याच्यानंतर ज्याला सांगितलं, तोही नाही. ढोल दिवसभर बंद राहिला. संध्याकाळी मराठी पाटी लागली. दादाला मात्र परत घेतलं नाही. आता तो कळमन्याच्या धान्यबाजारात पोती उचलतो आणि मी कॉलेजाआधी शिकवण्या करते. खोली अजून सुटलेली नाही, कॉलेजही नाही.

गावात आमच्या बांधाजवळ एक उघडी विहीर होती. अंधारात कोणी अनोळखी माणूस तिकडे वळला तर अख्खी आळी ओरडायची, "तिकडून नको जाऊ गा, विहीर आहे!" त्याची जात, त्याचं शिक्षण कोणी विचारत नसे. घर म्हणजे मला आता तेवढंच वाटतं: तुमचा जीव वाचावा म्हणून कोणीतरी तुम्हाला समजेल असं ओरडतं.

शिकलेल्या मुलांनो, मुलींनो, एक काम करा. उद्या तुमचा भाऊ, बाप, शेजारी जिथे राबतो तिथे जा. तिथली प्रत्येक इंग्रजी सूचना त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवा, आणि खाली खडूने मराठीत लिहा. कोणी पुसलं तर पुन्हा लिहा.