डोहाईचे दोन डावे कौल

इनामदार सरांनी आम्हा तिघांना चार महिने फसवलं, आणि त्यात सगळ्यात जास्त मला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा गोंधळ नको.

दुसरी गोष्ट. या सदराची मी आजवर नुसती वाचक होते, तीही हसण्यापुरती. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या कानात कोण बोलतं... मला वाटायचं, लोकांना रिकामा वेळ फार आहे. मी जुन्या लेथ आणि ड्रिलिंग मशिनी घेते-विकते. बावीस वर्षं हाच धंदा. नव्या रंगाखालची चीर नखानं खरवडून शोधणारी बाई मी — मला भूत काय फसवणार? देवाचंही तसंच. हात जोडते, पण त्याच्या भरवशावर कधी सौदा केला नाही.

आता ठिकाण सांगते. कोल्हापुरात कसबा बावड्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉलमध्ये जेवणाचं टेबल, आणि खिडकीशी आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, खुर्ची. मालक उद्यमनगरातल्या कारखान्यात टर्नर होते, हाताला कसब होतं. त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावकाश सुधारले, वाचा मात्र गेली ती गेलीच. चौदा महिने एक शब्द नाही. ऐकायचे सगळं, कळायचंही सगळं, पण तोंड उघडलं की नुसती हवा यायची. बायकोला नवऱ्याचा आवाज आठवेनासा होतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

आमची मुलगी श्रुती घरूनच कंपनीचं काम करते. दर रविवारी दुपारी चारला ती आणि तिचे मित्र एक खेळ खेळायचे. सोंगट्यांचा नाही, गोष्टीचा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, मी आता हे करतो, मी ते करते असं म्हणतात, आणि ते जमलं का फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणारे इनामदार सर, कॉलेजात फिजिक्स शिकवतात. खेळणारी श्रुती आणि सागर — हा कारखान्यात केमिस्ट. बाबांना माणसांचा आवाज बरा वाटतो म्हणून श्रुतीनं खेळ आमच्याकडंच ठेवला होता. मी चहा देता देता मध्ये तोंड घालायला लागले, तेव्हा सर म्हणाले, "काकू, उभ्या उभ्या नको, तुम्हीपण बसाच की."

बसले. मी झाले गंगाक्का नावाची व्यापारीण.

सरांच्या गोष्टीत एका डोहाकाठी एक नगर होतं आणि डोहात देवी, डोहाई. ती पाणी राखते, संकटं सांगते, आणि तिची आज्ञा एक पुजारी आम्हाला आणून देतो. त्या आज्ञेवर आम्ही रानोमाळ हिंडायचं. पहिल्याच रविवारी मी अडून बसले. म्हटलं, मी दलालाच्या तोंडून सौदा घेत नाही. देवीला काय बोलायचं ते तिनं मला समोर बोलावं.

सागर हसायला लागला. "काकू, देवीसंगं पण बार्गेनिंग?"

माझं माहेर आजऱ्याकडचं. तिकडं देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लहानपणी पाहिलेलं, विश्वास काडीचा नाही, पण खेळात काय बिघडतंय? माझ्याकडं फाउंड्रीतला एक बाद झालेला ओतीव तुकडा होता, वीतभर उंच, बाईनं पदर घेतल्यासारखा दिसणारा. तो स्टीलच्या ताटलीत उभा केला. ती डोहाई. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या आणि विचारलं, उत्तरेला जाऊ का? उजवी पडली. सर जरा विचारात पडले, मग म्हणाले, चालेल, यापुढं देवी अशीच बोलेल.

त्यानंतर दर रविवारी एक-दोन कौल. आणि प्रत्येक वेळी उजवा. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. ज्या गिऱ्हाइकाचं सगळ्याला हो असतं, त्याच्या पोटात काहीतरी वेगळं असतं, हे मी बावीस वर्षं बघत आलेय. पण मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. आठवडाभरात तेवढे तीन तास मी कुणावर ओरडत नव्हते.

तिसऱ्या महिन्यातला एक रविवार. खेळ मध्येच थांबलेला. श्रुती आणि सागर स्वयंपाकघरात चहा गाळत होते, पुढची गोष्ट आम्हाला दिसू नये म्हणून सर समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचे, त्यामागं ते कागद लावत होते. मालक खुर्चीत. त्यांनी मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि तीच हवा. त्यांनीच मान फिरवली, खिडकीकडं.

मी दोन पाकळ्या चिकटवल्या आणि मनात म्हणाले — बाई, खेळातली असशील नाहीतर कुठलीही अस, यांना बोलतं कर, तुला चांदीचे डोळे करून बसवते.

डावी पडली.

इतक्या रविवारांत पहिल्यांदा. मी परत पाकळ्या लावल्या. म्हटलं, बरं, वर्षभर मटण सोडते. कोल्हापुरात हे छोटं नाही. डावी पडली.

आता मला राग आला. आणि रागातच मी ओळखलं की समोरून भाव वाढवतायत. हे मी रोज करते. समोरच्याला काय सोडवत नाही ते बघते आणि नेमकं तेच मागते. मी तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या आणि मनात म्हणाले, हे बोलले तर इथून पुढं मी घासाघीस करणार नाही. कुणाशीच नाही. सांगेल तो भाव. पाकळीवरचं बोट मी उचललंही नव्हतं, आणि उजवी सुटून ताटलीत पडली.

सर आडोशाच्या वरून बघत होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. म्हणाले, "काकू, ताटली हलवली काय?" मी म्हटलं, नाही. पंखा बंद होता. मग चहा आला आणि विषय गेला. मनात बोललेलं मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली.

त्याच्या पुढच्या आठवड्यातला मंगळवार, सकाळचे अकरा. दारात केरसुण्या विकणारी बाई आली होती. तीन मजले चढून आलेली, डोक्यावर भारा. तिनं भाव सांगितला, मी दहा रुपये कमी म्हटलं, ती पाच कमी करते म्हणाली, मी हलेना. सवय. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"दे की गं मागतीया तेवढं. दमलीया ती."

जाड आवाज, जिभेवर वजन ठेवल्यासारखा. मी मागं वळले नाही. वळले तर जाईल असं वाटलं. त्या बाईनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि म्हणाली, "मालक चांगलं हाईत की तुमचं, आक्का." मी तिच्या हातात मागितले तेवढे पैसे ठेवले आणि उंबऱ्यावरच खाली बसले.

डॉक्टरांनी कारण दिलं. असं होतं म्हणाले, मेंदू हळूहळू वाट काढतो, घरात बोलणं-हसणं असलं तर मदत होते. मी ते मान्य करते. पण चौदा महिन्यांनी आलेलं पहिलं वाक्य नेमकं तेच का असावं? मी मनात काय बोलले होते, ते यांना कुठं माहीत होतं?

मी शब्द पाळला. त्याचं काय झालं ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आक्का आता सांगेल तो भाव देते, ही बातमी महिन्याभरात उद्यमनगरभर झाली. बेड झिजलेल्या, म्हणजे कामातून गेलेल्या लेथ घेऊन लोक जयसिंगपूरहून यायला लागले. दोन रुपयांची वस्तू पाचाला सांगायची, मी मान डोलवायची. त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं, पण पैसे घ्यायचे. मला भांडणानं कधी थकवा आला नव्हता, तो न भांडण्यानं आला. संध्याकाळी घरी आले की पाय ओढत यायचे. मग मालक विचारायचे, "आज काय आणलं?" आणि मी म्हणायची, लोखंड.

हे चालू असताना तो रविवार आला. सरांनी मोठ्या थाटात आम्हाला डोहाच्या तळाशी नेलं. तिथं देवी नव्हती. एक पोकळ खोली, एक नळी, आणि नळीत तोंड घालून बोलणारा पुजारी. डोहाई कधी नव्हतीच. चार महिने आम्ही ज्या गावांवर चालून गेलो, ती सगळी पुजाऱ्याच्या वैऱ्यांची होती.

सर आमच्या तोंडाकडं बघत होते, कौतुकाची वाट बघत. सागर म्हणाला, त्याला दुसऱ्याच रविवारी वास आला होता. असल्या खेळात देव एक तर मेलेला असतो, नाहीतर खोटा, नाहीतर राक्षस, आता कंटाळा आलाय. श्रुती म्हणाली, तिला आवडलं, कारण मागं वळून बघितलं की सगळ्या खुणा दिसतात. त्यांचा दोघांचा वाद लागला. माझं मत विचाराल तर, सागरनं त्या देवीवर काही लावलंच नव्हतं, म्हणून त्याचं काही गेलं नाही. देव खोटा निघाल्याचा धक्का ज्यानं खरं काही दिलंय त्यालाच बसतो. आणि खुणेचं म्हणाल, तर चिरेवर रंग मारून मशीन विकणाऱ्याला मी लबाड म्हणते, पण खरवडल्यावर चीर दिसत असेल तर बघितलं नाही ही घेणाऱ्याची चूक. सरांची चीर मला दिसायला हवी होती.

सरांनीच ती दाखवली. ताटली उचलली. खाली डाव्या बाजूला वहीच्या पुठ्ठ्याची घडी. दुसऱ्या रविवारपासून ती तिथं होती. तुकडा उजवीकडं किंचित कललेला, म्हणून उजवी पाकळीच आधी सुटणार. देवी कधीच नाही म्हणत नाही, हीच तुम्हाला दिलेली खूण, असं ते म्हणाले.

मी विचारलं, "मग त्या दिवशी दोनदा डावी कशी पडली?"

श्रुतीनं माझ्याकडं बघितलं. मग मी सगळं सांगितलं, नवसासकट. मालक खुर्चीतून ऐकत होते. सागरनं पुठ्ठा जागेवर ठेवला आणि कौल लावत बसला. घरातला झेंडू संपेपर्यंत लावले. एकूण एक उजवा. शेवटी सर म्हणाले, टेबलाला धक्का लागला असेल. मी म्हटलं, तुम्ही स्वतः बघत होता. ते म्हणाले, "काकू, ती नव्हतीच. नसलेल्याला दिलेला शब्द कशाला पाळायचा? सोडून द्या."

मी ताटली आपटली, हे कबूल करते. पण त्यांचं म्हणणं मला पटलं. मनातून तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शिरोलीला एक ड्रिलिंग मशीन बघायला गेले आणि पूर्वीसारखी भांडले. पाऊण तास. दोनदा उठून गेले, दोनदा त्यानं परत बोलावलं. मी म्हटलेल्या भावातच मशीन घेतली. अंगात रक्त आल्यासारखं वाटलं. घरी आले, मालकांनी तोंड उघडलं — आणि हवा. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, थकव्यानं चढउतार होतो. होत असेल. बुधवारी दुपारी मी शिरोलीच्या माणसाला त्यानं आधी सांगितलेला भाव पुरा केला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. संध्याकाळी मालक म्हणाले, "च्या टाक."

मी परत करून बघितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, एकदा झालं म्हणजे काय, पुन्हा तपासून बघा. तुमचं माणूस पणाला लावून तुम्ही बघा.

सर आता आमच्याकडं येत नाहीत. श्रुतीला म्हणाले, पुढच्या गोष्टीत देव ठेवणारच नाही. माझा फोन उचलत नाहीत. डोहाई अजून टेबलावर आहे, ताटलीसकट, खालचा पुठ्ठा काढून ठेवलेला. मी रोज पुसते आणि काही विचारत नाही, कारण उत्तर आलं तर काय करायचं ते मला माहीत नाही, आणि नाही आलं तरी नाही.

सर हे सदर वाचतात, श्रुतीनंच त्यांना वाचायला लावून दिलंय. म्हणून इथं लिहितेय. सर, देवी तुम्ही केली, खोटी तुम्ही ठरवली, पुठ्ठा तुम्ही घातला. तर ते दोन डावे कौल कुणी दिले, आणि माझ्या नवऱ्याचा आवाज कुणाकडं गहाण आहे, ते तुम्हीच सांगायचं. रविवारी चार वाजता दार उघडं असतं. घासाघीस मी सोडलीय, पण या एका बाबतीत कमी घेणार नाही. उत्तर पूर्ण पाहिजे.