डाव्या धारेची सुरी

सुताराच्या आखणीच्या सुरीचे पाते बोटभर असते. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि सुतार त्या जाडीत फसतो. सुरीची रेघ म्हणजे लाकडावरची बारीक चीर. पुढे लाकूड तासायची पटाशी त्या चिरेतच टेकते, इकडेतिकडे सरकत नाही. लाकडी साचे करणाऱ्यांचे या सुरीवाचून चालत नाही. साच्यावरून लोखंड ओततात. लाकडात राहिलेली चूक लोखंडात उतरते आणि तिथे रंधा चालत नाही.

माझा थोरला भाऊ साचे करत असे. आम्ही त्याला दादा म्हणायचो. एकोणीसशे पन्नासनंतरच्या दशकाची ती मधली वर्षे. घाटकोपरला एका बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागे पडवी. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. वडील गिरणीत होते. ते आधीच वारले होते. आई मालवणकडची, आणि तिची बोली शेवटपर्यंत मालवणीच राहिली. दादाचा कारखाना मुलुंडच्या वाटेवर होता. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. पाळी रात्रीची असल्याने दिवसा घरीच असे, म्हणून पुढचे बरेचसे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जे पाहिले नाही ते तसे सांगतो.

त्या पावसाळ्यात ओतकामाच्या खात्यात एक लोखंडी पेटी घसरून दादाच्या उजव्या हातावर पडली. बोटे वाचली. हाड सांधले. पण प्लास्टर काढल्यावर अंगठा मिटेना. त्या हाताने वस्तू दाबून धरता येई, पकडता येत नसे. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि एवढ्यावर समाधान मानायला सांगितले.

दादाचा फोरमन घरी आला. वयस्कर, कमी बोलणारा माणूस. चहा निवेपर्यंत तो हवेबद्दलच बोलला आणि मग कप खाली ठेवला.

"तुझं कामाचं बाकडं मी दसऱ्यापर्यंत कुणाला देत नाही," तो म्हणाला. "त्यानंतर वरचे ऐकायचे नाहीत. गेटवर जागा आहे. पगार चालू राहील."

"गेटवर काय करू? सलाम?"

"सलाम आणि नोंद. बसून काम."

"आणि बाकडं?"

"डाव्या हाताने आखून दाखव. तुकड्याच्या चारी बाजूंनी रेघ फिरव. पहिलीला चौथी मिळाली, तर तू तुझ्या बाकड्यावर."

साचेकाराची ही जुनी परीक्षा आहे. लाकडाच्या चौकोनी तुकड्यावर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, धरून एका बाजूवर रेघ मारायची. तुकडा फिरवून त्या रेघेच्या टोकापासून दुसऱ्या बाजूवर, मग तिसऱ्या. चौथ्या बाजूची रेघ पहिली निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. केसभर चुकली तरी दिसते.

दादाने दुसऱ्याच दिवशी पडवीत फळी मांडली. उजवा हात गुण्या दाबायला पुरत होता. सुरी डाव्या हातात. सुरी त्याची नेहमीचीच, वर्षानुवर्षे हातात बसलेली. पण रेघ गुण्याला धरून चालेना. अर्ध्यावर आली की पाते पट्टीपासून सुटून बाहेर जाई. चौथी रेघ पहिलीच्या शेजारून निघून जाई. तुकडे चुलीत जात होते. आईने त्या दिवसांत बंबालाही तेच वापरले.

मी सुरीला दोष दिला आणि दादाने हाताला. ती जुनी झाली असेल, असे माझे म्हणणे. ऑफिसला निघण्याआधी मी नागदेवीच्या बाजूला हत्यारांची दुकाने धुंडाळू लागलो. एक नवी विलायती सुरी आणली. तिचीही रेघ तशीच सुटली. चांभाराची रापी आणली. तिचे पाते रुंद, त्याच्याखाली रेघच दिसेना. मग खिशातला दुमडायचा चाकू आणला. त्याला दोन्हीकडून धारेचा उतार होता. हात किंचित तिरका धरला तर तो गुण्याला चिकटून चाले, पण तो तिरकेपणा चारी बाजूंना सारखा ठेवणे दादाला जमेना. शिवाय जोर दिला की पाते बिजागरीत हले.

"तू माझ्यासाठी दुकान काढणार आहेस काय रे?" दादा म्हणाला. "सुऱ्या पुष्कळ झाल्या. आता एखादा हात आण."

अडचण जेवतानाही होती. दादा डाव्या हाताने जेवत होता. आई ताट वाढायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. तिच्या घरात डावा हात अन्नाला लागलेला तिने कधी चालवून घेतला नव्हता. वहिनीला हे सगळ्यात जास्त ठाऊक होते, कारण वहिनी जन्माने डावखुरी होती. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच पंगतीत तिचा डावा हात भाताच्या पळीकडे गेला, आणि आईने सगळ्यांदेखत "डावरी" म्हटले. तेव्हापासून वाढणे, जेवणे, देवाचे, सगळे ती उजव्या हाताने करी. डावा हात राहिला तो शिवणापुरता. शेजारणींच्या चोळ्या ती पडवीत बसून बेतायची, आईकडे पाठ करून.

आता पडवीच्या एका टोकाला शिवण आणि दुसऱ्या टोकाला फळी असे. एका दुपारी दादाने सुरी फळीत रोवली आणि उठला.

"गेटची टोपी चांगली दिसेल मला," तो म्हणाला. "नाही का रे?"

वहिनीने दोरा दाताने तोडला.

"अहो, जरा मी ओढू का रेघ?"

"तू?"

"गुण्या तुम्ही धरा."

तिने पदर खोचला, सुरी डाव्या हातात घेतली आणि पट्टीला टेकवून आपल्याकडे ओढली. खुणेवरून कापड कापावे तसा तिचा हात सरळ खाली आला. रेघ मात्र अर्ध्यावर सुटली. अगदी दादाची सुटत होती तिथेच.

दादा हसला. "बघ. बोललो होतो."

"काय बोलला होतात? हात नवा आहे, म्हणून सुटते, असंच ना?" वहिनी म्हणाली. "माझा हात नवा आहे का? हा जन्मापासूनचा आहे. मग माझी का सुटली?"

दादा सुरी घेऊन पडवीच्या कडेला उजेडात गेला. पाते डोळ्यांसमोर आडवे धरले, फिरवले, पुन्हा फिरवले.

आखणीच्या सुरीची एक बाजू सपाट असते आणि दुसऱ्या बाजूला धारेचा उतार असतो. सपाट बाजू गुण्याला घासत जाते म्हणून रेघ सरळ येते. कारखान्यातल्या सगळ्या सुऱ्यांना उजव्या हाताच्या हिशेबाने उतार दिलेला. त्यातली कुठलीही डाव्या हातात घेतली की सपाट बाजू बाहेर जाते आणि उतार पट्टीला टेकतो. उतार पात्याला पट्टीपासून ढकलतो. दादाने अशा किती सुऱ्यांना स्वतः धार लावली होती. पण त्या खात्यात डावखुरा माणूसच नव्हता, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

"अगं," तो तिथूनच म्हणाला, "ही सगळी उजव्या हाताची हत्यारं आहेत."

"कात्रीचंही तसंच असतं," वहिनी म्हणाली. "डाव्या हातात धरली की वरचं पातं रेघ झाकतं. मी कापड फिरवून घेते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला कुठून माहीत असणार? तू तर पाठ करून बसतेस."

आई दारात येऊन उभी होती. तिने मुलाच्या हातातली सुरी, फळी आणि फळीशी बसलेल्या सुनेला एकाच नजरेत पाहिले असावे.

"ह्या काय गो? लाकडाक पण डावो हात लावलंस?"

वहिनी उठली नाही. एरवी ती उठली असती.

"आई, तुमचा मुलगा डाव्या हाताने शिकतोय," ती म्हणाली. "शिकवायला घरात दुसरं कोण आहे?"

आई आत गेली. त्या दिवशी जेवणाच्या वेळी ती चुलीकडे वळली नाही. दादासमोर बसली आणि त्याचा घास तोंडापर्यंत जाईपर्यंत पाहत राहिली. भात कमी पडला तेव्हा तिने वहिनीला वाढायला सांगितले.

आता सुरी निवडायची नव्हती, करायची होती. कशाची, हे निवडायचे होते. मी आणलेल्या विलायती सुरीचा उतार उलटवायचा तर निम्मे पाते झिजले असते. दादाने लोखंड कापायच्या करवतीचे एक तुटके पाते काढले. ते कडक असते आणि बारीक धार धरते. रस्त्यावर पायाने चाक फिरवून धार लावणारा यायचा, त्याला थांबवले. दादा शेजारी पाण्याची बादली घेऊन उभा.

"एकाच बाजूने," दादाने बजावले. "उतार इकडे. ही बाजू सपाट."

"एकच बाजू? अर्धी हजामत करून कोण उठतो साहेब?"

"मी उठतो. तू फिरव. आणि दर वेळी पाण्यात बुडव. निळं पडलं तर त्याचं पाणी उतरलं, पातं मऊ झालं, मग काही कामाचं नाही."

"एवढं येतं तर स्वतःच फिरवा ना."

दादाने उजवा हात वर करून दाखवला. धारवाल्याने पुढे थट्टा केली नाही. त्याने पाते इतक्या वेळा बुडवले की बादलीतले पाणी काळे झाले. चाकावरून उतरल्यावर दादाने ते घरातल्या दगडावर तेल टाकून स्वतः घासले, डाव्या हाताने, सपाट बाजूत खिडकी दिसेपर्यंत. मुठीला सागाच्या दोन चिपा लावल्या आणि वहिनीने त्यावर शिवणाचा जाड दोरा घट्ट गुंडाळला. मूठ दादाच्या नेहमीच्या सुरीपेक्षा आखूड ठेवली. नव्या हाताला लांब मूठ जड जाते, हे वहिनीचे मत.

नंतरचे शिकणे तिच्याकडे होते. ती त्याच्या शेजारी बसायची. "दाबू नका," म्हणायची. "कोपर अंगाला लावा. पहिल्यांदा नुसती हलकी ओढा, मग जोर." एकदा तो वैतागला तेव्हा तिने ऐकवले, "मला उजव्या हाताने पोळी लाटायला लावलीत, तेव्हा पोळ्यांचे नकाशेच व्हायचे. तुम्ही सगळे हसून खायचात. आता तुम्ही करा नकाशे." दादा हसला आणि नवा तुकडा घेतला. चुलीत जाणारे तुकडे कमी होत गेले.

परीक्षा मी पाहिली नाही. दादाने घरी येऊन जे सांगितले ते असे. फोरमनने सागाचा तुकडा दिला आणि बाजूला उभा राहिला. खात्यातली माणसे काम थांबवून बघत होती. दादाने तीन बाजू आखल्या. चौथ्या बाजूला गुण्या ठेवला तेव्हा त्याला उगाच कात्रीचा आवाज आठवला. रेघ ओढली. फोरमनने तुकडा उचलून कोपरा डोळ्यांजवळ धरला, मग नखाने चीर तपासली. नख एका रेघेतून दुसरीत न अडखळता गेले.

"सुरी कुणाची?" त्याने विचारले.

"घरची," दादा म्हणाला.

फोरमनने तुकडा खिशात टाकला आणि दादाच्या बाकड्यावर पांघरलेले फडके काढून घेतले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. आईने पाट मांडला. विळी, कोयता, दादाची करवत आणि पटाशा, वहिनीची कात्री.

"तुझा पेन पण ठेव हंय," आई मला म्हणाली. "ता पण गळे कापता."

शेवटी दादाने नवी सुरी ठेवली. हळदकुंकू नेहमी आईच लावी. त्या दिवशी तिने करंडा वहिनीकडे सरकवला. वहिनीने सवयीने उजवा हात पुढे केला. आई म्हणाली, "सुरी डाव्या हाताची आसा ना? मग तिका उजव्या हाताचा कुकू कित्याक?"

वहिनीने करंडा उजव्या हातात धरला आणि डाव्या हाताच्या बोटाने सुरीच्या सपाट बाजूवर कुंकू लावले. मग ती थांबली. आईने तिच्यासमोर कात्री सरकवली.

दादा त्याच बाकड्यावरून निवृत्त झाला. त्याच्या उजव्या हाताची जुनी सुरी त्याने मला दिली. अनेक वर्षे माझ्या टेबलावर ती पेन्सिलींना टोक काढत होती, आणि अजूनही काढते. आमचे घर त्या वर्षी सावरले ते वहिनीच्या डाव्या हातामुळे. तिला हे कुणी नीट बोलून दाखवले असे मला आठवत नाही. मीही नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.