मुळासकट केना

मी वर्ध्यातल्या एका कचेरीत कारकून, आणि माझे सासरे समुद्रपूरकडचे कास्तकार. ज्याला वखर धरता येत नाही तो त्यांच्या लेखी अर्धाच माणूस. लग्नाला वर्ष झालं तरी ते माझ्याशी पाऊसपाण्यापलीकडे बोलत नसत. त्यांनी आपल्याला पुरता माणूस समजावं, यासाठी माझा जीव नुसता तळमळायचा.

अशात वाचनालयात एक जुनं पुस्तक हाती लागलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुण्या इंग्रज बाईनं जलरंगात काढलेली रानफुलं. कोऱ्या पानावर एकच रोप. फूल, कळी, बी आणि खाली मूळसुद्धा. मागे ना डोंगर, ना आभाळ. मला डोंगर काढता येत नसल्यामुळे ही कला खास माझ्यासाठीच जन्मली, अशी माझी खात्री पटली.

पिपरी मेघेतल्या एका शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मी केना उपटून आणला. त्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, म्हणून रोज नवं रोप आणायचं, समोर ठेवून रंगवायचं आणि कचेरीत उशिरा पोचायचं, असं सुरू झालं.

"आमच्या वावरात हे उपटून फेकतेत, अन् तुमी घरात काऊन आणून राह्यले?" बायकोनं विचारलं. मी तिच्याकडे थोर कलावंताच्या नजरेनं पाहिलं. ती भाकरी थापायला निघून गेली.

पोळ्याला सासुरवाडीला गेलो, तेव्हा चित्र काचेच्या चौकटीत बसवून सासऱ्यांच्या हाती दिलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"तुमीच काढलं, जावईबापू?"

"हो, मामाजी."

चित्र घेऊन ते बाहेर गेले. मी बैठकीच्या भिंतीवर चांगलीशी जागा शोधत बसलो.

पोळा झाल्यावरही आम्ही दोन दिवस तिथंच होतो; एका सकाळी अंगणात निंदणीला, तण काढायला जाणाऱ्या बाया जमल्या होत्या. माझी कलाकृती गोठ्याच्या दाराला टांगलेली. सासरे मुळावर काठी टेकवून सांगत होते, "नुसता वरून खुडू नका. असा मुळासकट उपटजा."

माझे कान तापले. इतके दिवस खपून मी तणाचा तक्ता बनवला होता तर! आजच्या आज वर्ध्याची एसटी पकडावी असं वाटलं.

तेवढ्यात एक म्हातारी बाई फिस्सकन हसली. "मालक, केना का आमाले मालूम नाई?"

"मालूम हाय वं," सासरे म्हणाले. "पण हा आमच्या जावयानं काढला. पाहा तं खरं."

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. मी घाईघाईनं बैलांकडे बघायला लागलो.