सासूचं नाव घेणारी सून

लालीबाईचा स्वभावच संशयी. दूधवाल्यानं हसून रामराम केला तरी ती आधी भांड्यात डोकावायची. पण सुनेवर तिचा संशय बसला, त्याला कारण होतं.

तांड्यातल्या बायका कळंबच्या बाजारात गेल्या की आपसात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत. मोहिउद्दीनच्या कापडदुकानात बसून, त्याच्याच तोंडावर, त्याच्या नाकाबद्दल वाट्टेल ते बोलून लालीबाई आयुष्यभर हसत आली होती. समोरच्याला कळू नये म्हणूनच माणूस दुसरी भाषा काढतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

आणि आता सून जया रोज दुपारी आतल्या खोलीत मोबाइल घेऊन इंग्रजी बोलत होती. मुलगा शाम लोहाऱ्याच्या कारखान्यात, घरी यायचा तो रविवारीच. "फोनवरचा क्लास हाय, याडी," जया म्हणाली होती. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची. लालीबाईनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तुरी निवडायचं सूप भिंतीपाशी आणलं.

आतून आवाज आला, "लालीबाई इज कुकिंग." मग, "इज लालीबाई कुकिंग?" मग, "लालीबाई इज नॉट कुकिंग."

लालीबाईचा हात सुपातच थांबला. सुनेनं सासूचं नाव घेतलं, तेही तीनदा! दुसऱ्या वेळी आवाज शेवटाला वर चढला होता, म्हणजे तो सवाल होता. आणि 'नॉट' म्हणजे नाही, हे फोन लागत नाही तेव्हा बोलणाऱ्या बाईनं केव्हाच शिकवलं होतं. कोणीतरी आपली चौकशी करतंय आणि सून उत्तरं देतेय, असा तिनं हिशेब लावला.

पुढचे काही दिवस ती भिंतीला कान लावूनच होती. एका दुपारी जयानं एक वाक्य अगदी खालच्या आवाजात म्हटलं. लालीबाईनं ते पाठ केलं आणि तोंडातल्या तोंडात घोळवत थेट बाजार गाठला. दुकानात मोहिउद्दीनची मुलगी तमन्ना होती. ती बी.एड. करत होती.

"पोरी, याचा अर्थ सांग. लालीबाई डज नॉट ट्रस्ट जया."

तमन्ना गडबडली. "मावशी, हे कोनं म्हटलं?"

"तू अर्थ सांग."

"लालीबाईचा जयावर भरोसा नाही."

लालीबाईला राग यायला हवा होता. पण यात खोटं काय, हे तिला सापडेना. घरी पोचेपर्यंत ती तेच शोधत होती.

"माह्यं नाव काहून घेते वं?" तिनं उंबऱ्यातच विचारलं. "कोन पुसून राह्यलं माह्याबद्दल?"

जयाचा चेहरा उतरला. "कोनीच नाही, याडी. मॅडम म्हनल्या, घरात जे मानूस दिसते त्याच्यावर वाक्यं करा. दिवसभर काम करताना मले तुमीच दिसता. साधं सांगाचं असलं का नाव पहिले. इचाराचं असलं का तो 'इज' उचलून नावाच्या पुढं ठेवाचा."

"आन् ते हळूच म्हनलं ते?"

जया खाली बघत राहिली. "ते मॅडमनं नव्हतं सांगतलं. ते माह्यं मीच केलं."

लालीबाई उंबरा ओलांडून आत आली.

"त्याचा सवाल कसा होते?" लालीबाईनं विचारलं.

"डज लालीबाई ट्रस्ट जया?"

लालीबाईनं पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "उद्यापासून बाहेर ओसरीत बसत जा. आत उकडते. आन् नाव नको घेऊ. याडी म्हन."

तेव्हापासून जया ओसरीत बसते. आता वाक्यात लालीबाई नसते, 'याडी' असते. भरोसा बसला की नाही, हे लालीबाईनं कुणाला सांगितलेलं नाही. पण सुनेचा आवाज शेवटाला वर चढला की ती हातातलं सूप थांबवून म्हणते, "आता कोनाले काय पुसलं?" जया सांगते. अर्धंमुर्धं पटल्यासारखी लालीबाई 'हं' म्हणते आणि पुन्हा तुरीतले खडे वेचू लागते.