मुलगी नसताना जावई

परतूरमध्ये मोटारसायकलवालेही हेल्मेट घालत नाहीत. आमच्या शाळेतल्या गणिताच्या गायकवाड मॅडम मात्र पायी यायच्या आणि निळं हेल्मेट घालून यायच्या. जयंतीच्या मिरवणुकीतही ते डोक्यावर असायचं. साडीला मॅचिंग आहे, असं त्यांचं म्हणणं. चौकातला पोलीस गाडीवाल्यांना अडवून म्हणायचा, "मॅडम पायी चालून राह्यल्या तरी हेल्मेट हाय, अन् तुम्ही?"

मॅडमना मल्टिपल स्क्लेरॉसिस होता. मज्जातंतूंचा हा आजार मधूनच उसळायचा आणि हात किंवा पाय काही दिवस संपावर जायचा. तोल जाऊन त्या कुठेही पडत. त्यात जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की या आजाराच्या लोकांत मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त दिसतो. बीपी सांभाळा, डोकं आपटू देऊ नका. बीपीसाठी मॅडम लोणच्याकडे नुसत्या बघून उसासे टाकू लागल्या आणि डोक्यासाठी त्यांनी हेल्मेट घेतलं.

आजाराचं नाव त्यांनी 'जावई' ठेवलं होतं. "मला एकच पोरगा. मुलगी न्हाई, तरी जावई आला. येतो, रुसतो, सरबराई करून घेतो अन् जातो. पण एक हाय, कळवून येतो. आधी बोटाला मुंग्या, मंग दोन दिवसांनी पाय." उकाड्याने हा जावई जास्त चिडतो, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांच्या हातून कप पडला की आम्ही पंखा लावायचो आणि जावयाच्या नावाने चहा मागवायचो. न घाबरण्याची सवय त्यांनीच आम्हाला लावली होती.

म्हणून त्या दुपारी पेपर तपासताना त्यांनी एकाएकी डोकं गच्च धरलं, उलटी झाली, उजवा हात लुळा पडला, तेव्हाही शिपाई चहा सांगायलाच निघाला. मॅडमची जीभ जड झाली होती. तरी त्या म्हणाल्या, "जावई असा येत न्हाई. गाडी काढा. जल्दी."

रस्त्यातल्या खड्ड्यांना भिऊन कुणीतरी त्यांना हेल्मेट घातलं. जालन्याच्या दवाखान्यात ते बघून डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या गाडीचा ॲक्सिडेंट?"

"गाडी न्हाई साहेब. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या," मी म्हणालो. डॉक्टरांनी हेल्मेट उलटसुलट करून पाहिलं. मी घाईघाईने जुना आजार सांगितला, तर मॅडमनी डाव्या हाताने माझी बाही ओढली. "तो न्हाई. आधी... डोक्याचा फोटो."

फोटोत रक्त दिसलं. बीपीने आतली नस फुटली होती, तिथे हेल्मेट बिचारं काय करणार? वेळेत पोचलो म्हणून मॅडम वाचल्या. हात मात्र परत आला नाही आणि बोलताना एकेक शब्द शोधावा लागतो. त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्याशिवाय स्टाफरूममध्ये मला करमत नाही.

परवा भेटायला गेलो. हेल्मेट स्वयंपाकघरात उलटं ठेवलेलं, त्यात लसूण. मी विचारलं, "जावई काय म्हणून राह्यले, मॅडम?"

त्या बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. मुलगा मदतीला पुढे आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"जावई... भला माणूस," त्या म्हणाल्या. "कळवून यायचा."