लवूचं गाऱ्हाणं

दारू सोडायची ठरली, पण आमच्या धामापूरच्या लवूला व्यसनमुक्तीची सभाच पसंत पडेना. मालवणच्या सभेत सगळे शुद्ध मराठीत बोलतात, तहसीलदारापुढे उभं केल्यासारखं वाटतं म्हणाला. कणकवलीच्या सभेत सख्खा मेहुणाच भेटला. दोघेही एकमेकांना लग्नपत्रिका द्यायला आलोय सांगून सटकले. शेवटी बायकोनं, यशोदानं, त्याला नांदगावला पिटाळलं.

तिथे एक म्हातारा उठून म्हणाला, "माजो आजचो दिस तरी सुको जांवदे."

देवळात गावकार देवाला गाऱ्हाणं घालतो, गावासाठी मागणं मागतो, तेव्हा मागून सगळ्यात मोठ्यानं होकाराची हाळी देणारा आमचा लवू. सवयीनं तोंडातून गेलंच, "व्हय म्हाराजा."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग दुसरा उठला, त्यानंही तेच मागितलं, आणि या वेळी अख्खी खोली म्हणाली, "व्हय म्हाराजा." त्यानंतर लवू उठला.

घरी यशोदानं विचारलं, "गावली मगे सभा?"

"गावली," तो म्हणाला. "इतकी वर्सां दुसऱ्यांच्या गाऱ्हाण्याक मी व्हय म्हटलंय. आज माज्या गाऱ्हाण्याक लोकांनी म्हटल्यानी."